शुद्ध सिलिकॉन काही कामाचे नसते



मागच्या अंकात आपण विजेचे बिल कसे वाचावे ते पाहिले. या वेळी त्या मीटरच्या पोटात शिरायचे आहे. घरातला नवा मीटर, रेशन दुकानातले अंगठा लावायचे मशीन, एटीएम कार्डावरच्या सोनेरी चौकटीखालचा बारीक तुकडा आणि मुलांच्या हातातून न सुटणारा मोबाइल, या सगळ्यांत काम करणारी वस्तू एकच आहे. तिचे नाव चिप. नाव सर्वांना पाठ आहे, पण ती कशाची असते आणि कशी चालते हे विचारले की पुष्कळ जण म्हणतात, "ते इंजिनिअर लोकांचे काम, आपल्याला काय समजणार?"

हे 'आपल्याला काय समजणार' आपल्या घरांतून जायला हवे, म्हणून आजचा लेख. १९९० च्या सुमारास सरकारी कचेऱ्यांत संगणक आले तेव्हा त्यांची खोली वेगळी असे. खोलीला पडदे, आत थंड हवेचे यंत्र, आणि दाराबाहेर चपलांची रांग. धूळ आणि उष्णता यांपासून यंत्र जपायचे, हे कारण खरेच होते. पण कारण कुणी सांगितले नाही, म्हणून लोकांना ते सोवळे वाटू लागले. दसऱ्याला त्या यंत्रापुढे नारळही फुटले. कारण कळले की सोवळे सुटते. तेव्हा कारणापासूनच सुरुवात करू.

ना धड वाहक, ना धड रोधक

तांब्याच्या तारेतून वीज सहज जाते. रबरातून जात नाही. सिलिकॉन हे मूलद्रव्य या दोहोंच्या मधले आहे, म्हणून त्याला अर्धवाहक म्हणतात. गोदावरीच्या वाळूत जे सिलिका असते, त्यातच सिलिकॉन दडलेले असते. चिपसाठी मात्र साधी वाळू न घेता निवडक गारगोटी घेतात. ती भट्टीत घालून, रसायनांनी पुन्हा पुन्हा गाळून इतकी शुद्ध करतात की शंभर कोटी अणूंमागे फार तर एखादा परका अणू उरावा.

एवढे सायास करून हाती आलेला तो चकचकीत शुद्ध तुकडा कामाला लावला तर काय होते? जवळजवळ काहीच होत नाही. त्यातून वीज जेमतेम सरकते. शुद्ध सिलिकॉन चिप म्हणून निरुपयोगी असते.

मग त्यात मुद्दाम, मोजूनमापून भेसळ करतात. लाखो-कोटी अणूंत एखादा अणू फॉस्फरसचा किंवा बोरॉनचा घालतात. सिलिकॉनच्या अणूला शेजाऱ्यांचे हात धरायला चार हात असतात असे समजा. फॉस्फरसला पाच असतात. चार हात शेजाऱ्यांत गुंततात आणि पाचवा इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो. बोरॉनला हात तीनच, म्हणून एक जागा रिकामी राहते. एसटीत पुढचे एक आसन रिकामे झाले की मागचा माणूस पुढे सरकतो, त्याच्या जागी त्याच्या मागचा येतो, आणि पाहता पाहता रिकामी जागा मागे मागे जाते. बोरॉन घातलेल्या सिलिकॉनमध्ये वीज तशीच वाहते. पहिल्या प्रकाराला एन आणि दुसऱ्याला पी म्हणतात. चिपचा सारा कारभार एन आणि पी यांच्या शेजारावर चालतो.

पाणी बाटते, सावली बाटते असे शेकडो वर्षे ज्यांना ऐकवले गेले, त्या आपल्यासारख्यांचे कान 'शुद्ध' या शब्दाला लगेच टवकारतात. पण यावरून विज्ञानाने जातीचा निकाल लावला असे कुणी म्हणू नये. माणसाच्या समतेला सिलिकॉनचा दाखला लागत नाही, आणि खनिजाची व माणसाची तुलना करणेही बरोबर नाही. एवढे मात्र खरे की शुद्ध-अशुद्ध हे वस्तूच्या कपाळावर लिहून आलेले नसते. कोणत्या कामासाठी, कोठे आणि किती, यावर ते ठरते. याच गोष्टीने पुढे संशोधकांनाही कसे रडवले ते येईलच.

मुंबईचा टिफ्रॅक

आपल्या महाराष्ट्रात संगणक बनला तो मुंबईत. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने हे काम हाती घेतले. गटातल्या बहुतेकांनी त्याआधी संगणक वापरलेलाही नव्हता. १९५६ साली छोटा नमुना चालू झाला आणि १९६० साली पूर्ण यंत्र उभे राहिले. पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक असे नाव दिले.

या यंत्रात चिप नव्हती. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओत काचेचे जे दिवे पेटत आणि रेडिओ बोलायला मिनिटभर वेळ लावत, तेच हे व्हॉल्व्ह. ते तापत, फुटत, वीज खात. पण टिफ्रॅकमध्ये अर्धवाहकही शिरलेले होते. सुमारे १,७०० डायोड जर्मेनियम या अर्धवाहकाचे होते. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. इकडून तिकडे जाता येते, परत येता येत नाही. म्हणजे मुंबईच्या त्या एकाच यंत्रात मावळतीचे आणि उगवतीचे अशी दोन्ही तंत्रे शेजारी नांदत होती.

टिफ्रॅक पूर्ण झाला तेव्हा परदेशात ट्रान्झिस्टरचे संगणक विक्रीला आले होते. टाटा संस्थेनेही १९६४ साली ट्रान्झिस्टरवर चालणारा सीडीसी ३६०० हा संगणक आणला. यावरून टिफ्रॅकचे श्रम वाया गेले असे समजू नये. ज्यांनी यंत्र हाताने जोडले, त्यांना यंत्राचे आतडे न् आतडे ठाऊक झाले. विकत घेतलेल्या यंत्रातून ही विद्या मिळत नाही.

परभणी केंद्र लावायचा 'ट्रान्झिस्टर'

आपल्याकडे ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ. खांद्याला अडकवून शेतात न्यायचा आणि परभणी केंद्र लावायचा. मुळात ट्रान्झिस्टर हे त्या रेडिओतल्या एका बारीक भागाचे नाव. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांच्या संशोधनातून तो निघाला. व्हॉल्व्हचे काम तो करतो, पण त्याला दिव्यासारखे पेटावे लागत नाही. थोड्याशा विजेने जास्त विजेला चालू-बंद करणारी ती एक चावी आहे.

पहिले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. जर्मेनियमवर काम करणे सोपे, पण त्याला उष्णता सोसत नाही. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे तो बिघडतो, बंद असतानाही गळू लागतो. आमच्या नांदेडला मे महिन्यात बाहेर सावलीतच ४२-४३ अंश असतात, मग बंद पेटीतल्या यंत्राचे काय होईल याची कल्पना करा. सिलिकॉन सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत तग धरतो. १९५४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला.

सिलिकॉनचा आणखी एक गुण होता. तापवून प्राणवायू दिला की त्याच्या अंगावर काचेसारखा पक्का थर चढतो. वीज त्यातून जात नाही आणि पाण्याने तो विरघळत नाही. जर्मेनियमवरचा थर पाण्यात विरघळतो. हा काचेचा थरच पुढे चिपचा पाया ठरला.

एका ताटातल्या वड्या

सुटे ट्रान्झिस्टर तारांनी जोडत बसणे जिकिरीचे होते. एक टाका निसटला की यंत्र बंद. १९५८ साली जॅक किल्बी यांनी जर्मेनियमच्या एकाच तुकड्यावर अनेक भाग बसवून दाखवले. १९५९ साली रॉबर्ट नॉइस यांनी सिलिकॉनवर, भागांना जोडणाऱ्या धातूच्या रेषांसह, सगळे एकत्र छापण्याची रीत मांडली. तिला त्यांचे सहकारी जॉं होर्नी यांच्या सपाट थरांच्या पद्धतीचा आधार होता. चिप म्हणतात ती हीच.

चिप तयार कशी होते? सिलिकॉनची गोल चकती घ्यायची. तिच्यावर थर द्यायचा. प्रकाशाने नक्षी छापायची. नको तेथला थर खरवडायचा, उघड्या जागी बोरॉन किंवा फॉस्फरस घालायचा. पुन्हा थर, पुन्हा छाप. असे अनेकदा केल्यावर एका चकतीवर शेकडो सारख्या चिप तयार होतात. ताटात थापलेल्या वड्या कापाव्यात तशा त्या कापून सुट्या करायच्या. एका वडीवर हाताने नक्षी काढली असती तर ती महाग पडली असती. सगळ्या ताटावर एकदम छापली म्हणून स्वस्त झाली. मोबाइल मजुराच्या खिशात आला तो यामुळे.

दोन सह्यांचा चेक

मी पडलो कॉमर्सचा माणूस, म्हणून उदाहरण खातेवहीचे देतो. बचत गटाच्या खात्यातून पैसे काढायचे असतील तर अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात. दोन्ही सह्या असल्या तर चेक वठतो, एक नसली तर नाही. दोन ट्रान्झिस्टर एकापुढे एक ठेवले की हाच नियम तयार होतो. दोन्ही चालू असतील तरच वीज पुढे जाते. पती-पत्नीचे संयुक्त खाते कुणाही एकाच्या सहीने चालते. दोन ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी ठेवले की तो नियम मिळतो. संगणकाला १ आणि ०, म्हणजे 'आहे' आणि 'नाही', एवढेच कळते. बेरीज, हातचा, वजाबाकी, सारे काही त्याला अशा सह्यांच्या नियमांतून बांधून द्यावे लागते.

हे नियम बांधण्याच्या सुरुवातीच्या रीती निरनिराळ्या होत्या. पहिली रीत रोधक आणि ट्रान्झिस्टर यांची. १९६९ साली माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो यानाच्या संगणकात अशा सुमारे २,८०० चिप होत्या आणि त्यांच्यातला नियम एकच होता: तिघांपैकी एकानेही हरकत घेतली तर ठराव नामंजूर, कुणाचीच हरकत नसेल तर मंजूर. एवढ्या एका नियमावर सगळा हिशेब बांधला होता. नंतर ट्रान्झिस्टरलाच ट्रान्झिस्टर जोडण्याची टीटीएल ही रीत आली. ती जास्त वेगवान होती. ७४०० या मालिकेच्या टीटीएल चिप पुढे कित्येक वर्षे महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मुलांच्या हाती पडत राहिल्या. पण या सगळ्या रीतींचे दुखणे एकच. वीज जास्त लागे आणि एका चिपवर मोजकेच ट्रान्झिस्टर मावत.

घामातले मीठ

त्यावर उपाय बेल प्रयोगशाळेतच निघाला होता. १९५९-६० साली इजिप्तचे मोहम्मद अटाला आणि कोरियाचे डॉन कांग यांनी नव्या घडणीचा ट्रान्झिस्टर बनवला. त्याला मॉस म्हणतात. पाटाच्या पाण्याला जसे वर-खाली करायचे दार असते, तसे यात विजेला दार असते. त्या दाराखाली सिलिकॉनवरचा तोच काचेसारखा थर असतो. दाराला विजेचा दाब दिला की खालचा रस्ता उघडतो, काढला की बंद होतो. घडण सोपी आणि जागा कमी लागणारी.

पण सुरुवातीच्या मॉस चिप लहरी निघाल्या. आज ठीक चालणारी चिप काही दिवसांनी बिघडे. शोध घेता घेता १९६० च्या दशकाच्या मध्यावर चोर सापडला. तो होता सोडियम, म्हणजे मिठातला घटक. हाताच्या घामातून, साध्या रसायनांतून, काचेच्या भांड्यांतून तो त्या थरात शिरे आणि दार उघडण्या-मिटण्याचा हिशेब बिघडवी. म्हणजे मोजून घातलेला बोरॉन कामाचा, आणि न बोलावता आलेले मीठ घातक. म्हणून चिपच्या कारखान्यात नखशिखान्त पांढरा पोशाख, हातमोजे, गाळलेली हवा आणि अति शुद्ध पाणी वापरतात. हा पोशाख तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला घालावा लागतो. साहेबाच्या घामात मीठ असते आणि झाडूवाल्याच्याही असते. चिपला दोन्ही सारखेच नडते. हे सोवळे कारणाचे आहे, म्हणून ते सर्वांना सारखे आहे.

सोडियमचा त्रास एन प्रकारच्या मॉसला जास्त आणि पी प्रकारच्या मॉसला कमी. म्हणून आधी पीमॉस चिप यशस्वी झाल्या. नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ ही चिप बाजारात आणली. संगणकाचा सारा मेंदू एकाच चिपवर, अशी विक्रीला आलेली ती सुरुवातीची चिप. जपानच्या बिझिकॉम कंपनीच्या गणकयंत्रासाठी ती बनवली होती. आकाराने हरभऱ्याच्या डाळीएवढी, त्यावर २,३०० ट्रान्झिस्टर. टिफ्रॅकच्या २,७०० व्हॉल्व्हच्या जवळपास जाणारी ही संख्या, आणि मधे फक्त अकरा वर्षे.

दारे धरणाऱ्याला कळेल

पीमॉसमध्ये रिकामी जागा सरकते, एनमॉसमध्ये मोकळा इलेक्ट्रॉन धावतो. एसटीतल्या आसनांची सरकासरकी सावकाश होते, मोकळा माणूस भराभर चालतो. म्हणून एनमॉस वेगवान. सोडियमचा बंदोबस्त झाल्यावर १९७४ साली इंटेलची ८०८० ही एनमॉस चिप आली. १९७५ साली अवघ्या २५ डॉलरला ६५०२ ही चिप मिळू लागली आणि घरगुती संगणकांचे युग सुरू झाले. १९८४ साली भारत सरकारने निवडक शाळांत संगणक शिक्षण सुरू केले. त्या योजनेतल्या बीबीसी मायक्रो संगणकात ही ६५०२ चिपच होती.

एनमॉसचेही एक दुखणे होते. रात्रीची दारे धरलेल्या माणसाला ते लगेच कळेल. समजा, एका वाफ्याच्या वरचे दार कायम अर्धे उघडे ठेवले आहे आणि आपण फक्त खालचे दार उघडतो-मिटतो. खालचे मिटले की वाफा भरतो. खालचे उघडले की वाफा रिकामा होतो, पण वरून येणारे पाणी सारखे वाहून वाया जाते. एनमॉसमध्ये वीज अशीच वाया जाई आणि चिप तापे. ट्रान्झिस्टर हजारांत होते तोवर हे खपले. लाखांत गेल्यावर खपेना.

उपाय आधीच सापडलेला होता. १९६३ साली फ्रँक वॉनलस यांनी वरच्या जागी पीमॉस आणि खालच्या जागी एनमॉस अशी जोडी लावली. एक दार उघडले की दुसरे आपोआप मिटते. वाफा भरतो किंवा रिकामा होतो, पण पाणी सरळ वाहून जात नाही. या जोडीला सीमॉस म्हणतात. प्रारंभी ती संथ आणि महाग होती, म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळांसारख्या वस्तूंत वापरली गेली. मोठ्या संगणकवाल्यांनी तिला दारात उभे केले नाही. पण चिपवरचे ट्रान्झिस्टर बारीक होत गेले तशी तीही वेगवान झाली. इंटेलने १९८५ साली आपली ३८६ चिप सीमॉसमध्ये काढली. आजच्या मोबाइलमधल्या अब्जावधी ट्रान्झिस्टरांचा पाया सीमॉसच आहे. एन एकटा थकला, पी एकटा मागे पडला, दोघांनी जोडीने काम घेतले तेव्हा गाडा मार्गी लागला.

पुण्याचा परम

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. १९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेचा क्रे एक्स-एमपी हा त्या काळचा नामांकित महासंगणक. त्यात ईसीएल नावाच्या चिप होत्या. वेग प्रचंड, पण त्या इतक्या तापत की यंत्राला खास थंडावा द्यावा लागे. असे यंत्र देताना अमेरिकेने अनेक अटी घातल्या. हवामान खात्याच्या कामासाठी एक यंत्र दिले, इतर कामांसाठी हात आखडला.

तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. एक बलाढ्य यंत्र बांधण्याऐवजी पुष्कळ छोट्या चिपना एकत्र कामाला लावायचे, असा मार्ग त्यांनी धरला. 'गाव करी ते राव काय करी' ही आपली म्हण तेथे खरी ठरली. १९९१ साली परम ८००० हा महासंगणक जगापुढे आला. त्यातली टी-८०० ही चिप ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची होती, आणि ती सीमॉस तंत्राची होती. कमी तापणारी चिप होती म्हणून अनेक चिप शेजारी शेजारी नांदू शकल्या.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. परमची रचना आपली, आज्ञावली आपली, पण चिप परक्यांची होती. पंजाबात मोहालीला सरकारी चिप कारखान्यात १९८४ साली उत्पादन सुरू झाले होते. तेथे पाच मायक्रॉनपर्यंतचे बारीक काम होई. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. १९८९ साली त्या कारखान्याला आग लागली आणि मोठे नुकसान झाले. ते काम पुन्हा उभे राहायला वर्षे गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये अवकाशात झेपावणाऱ्या प्रक्षेपकांसाठीची 'विक्रम' ही चिप सरकारने जाहीर केली, ती मोहालीत तयार झालेली आहे आणि तिचेही तंत्र सीमॉसच आहे.

हात कुणाचे?

येथवर शोध लावणाऱ्यांची नावे आली. पण चकतीतून कापलेल्या चिपला केसाहून बारीक तारा जोडाव्या लागत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हे काम दिवसभर करायचे. ते बहुतेक स्त्रिया करीत. आपल्या मुंबईत अंधेरीला १९७३ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी सीप्झ उभारले गेले, तेथेही जुळणीच्या कामावर तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत.

या हातांबद्दल मालक काय म्हणत, हे अमेरिकेतल्या एका उदाहरणावरून कळते. नॉइस यांच्याच फेअरचाइल्ड कंपनीने १९६५ साली न्यू मेक्सिको राज्यातल्या शिपरॉक येथे, नवाहो या आदिवासी समाजाच्या वस्तीत कारखाना काढला. भरभराटीच्या काळात तेथे हजाराच्या वर नवाहो कामगार होते, बहुतेक स्त्रिया. नवाहो स्त्रिया सुंदर गालिचे विणतात. कंपनीने आपल्या माहितीपुस्तिकेत गालिच्याच्या नक्षीशेजारी चिपची नक्षी छापली. सुचवायचे असे होते की विणकाम यांच्या रक्तातच आहे, म्हणून चिपचे काम यांना जन्मजात येते.

वरवर पाहता हे कौतुक आहे. पण त्याचा अर्थ नीट बघा. जे जन्मजात येते ते शिकवावे लागत नाही, आणि जे शिकवावे लागत नाही त्याचे मोल द्यावे लागत नाही. त्या स्त्रियांनी सूक्ष्मदर्शकाखाली शिकून मिळवलेले कौशल्य 'रक्तातले' म्हणून मोडीत निघाले. १९७५ साली कामगारकपातीनंतर आंदोलकांनी तो कारखाना ताब्यात घेतला. त्यानंतर कंपनीने तो कायमचा बंद केला. 'हे काम त्यांच्या रक्तातच आहे' हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी वेगळ्या कामांबद्दल ऐकलेले आहे. ते कौतुकाच्या सुरात आले तरी ओळखता आले पाहिजे.

आता उलट बाजूने पाहा. टिफ्रॅकच्या तरुणांच्या रक्तात संगणक नव्हता. अटाला आणि कांग यांच्या पूर्वजांनी सिलिकॉन पाहिले नव्हते. मीठ चिप बिघडवते हे कुणालाही जन्मतः ठाऊक नव्हते. प्रत्येक पायरी चुकत, मोजत, शिकत चढली गेली. चिपच्या साऱ्या इतिहासात जन्मजात असे काही असेल, तर ते फक्त सिलिकॉनचे चार हात.

कोणत्या दाराने?

२०२२ साली वेदांता आणि फॉक्सकॉन यांचा चिप कारखाना तळेगावऐवजी गुजरातला जाणार म्हणून आपल्या राज्यात मोठा गदारोळ झाला. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले. त्यानंतर देशात इतर चिप प्रकल्पांना मंजुऱ्या मिळाल्या. कारखाना कोणत्या राज्यात जातो यावर पुढारी भांडतात. आपण विचारायचा प्रश्न वेगळा आहे: त्या कारखान्यात आपली मुले कोणत्या दाराने शिरणार? ठेकेदाराच्या झाडू-पहाऱ्याच्या दाराने, की पांढरा पोशाख घालून यंत्रापाशी जाणाऱ्या दाराने?

लातूरच्या शिकवण्यांमुळे घराघरांत डॉक्टरकीचे वेड आहे. ते चांगलेच. पण ज्याला डॉक्टरकीला गुण कमी पडले त्याचे आयुष्य संपले, असे घरात कुणी म्हणू नये. चिपच्या कारखान्याला इंजिनिअर लागतात, तसे वायू, पाणी, रसायने आणि यंत्रे सांभाळणारे पदविकाधारकही लागतात. नांदेड आणि लातूर येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. दहावीनंतर पदविका, पदविकेनंतर पदवी, हा जिना गरिबाला परवडणारा आहे. शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी ही कामे निकाल लागेपर्यंत अंगावर ठेवू नका, आधीच हाती घ्या. दर वर्षी कितीतरी मुलांचा प्रवेश गुणांमुळे नव्हे, तर कागदांमुळे हुकतो.

आणि मुलींना विशेष सांगणे आहे. सूक्ष्मदर्शकापाशी स्त्रियांचे हात पहिल्यापासून होते. आता नक्षी जोडणाऱ्या हातांबरोबर नक्षी काढणारे हातही तुमचेच असू द्या.

घरी जुना, बंद पडलेला मोबाइल किंवा रेडिओ असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी तो मुलांपुढे उघडा. मात्र बॅटरी आधी काढून बाजूला ठेवा आणि तिला टोचू नका. आत हिरव्या पाटीवर काळे चौकोन दिसतील. त्यांच्या पोटात एन आणि पी यांची जोडी दारे धरून बसली आहे, एवढे मुलांना सांगा. बाकीचे प्रश्न तीच विचारतील.

पुढील अंकात उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर यांतला फरक पाहू. जयभीम.